सहा घरं

युमाच्या बाहेर, खडीच्या बंद खाणीत
पारा एकशे बारावर.
डेल्बर्टने टोपी रिव्हॉल्व्हरवर घातलीय,
स्वतःचं टक्कल उन्हात.

आजोबांचं हत्यार. निळी झिलई उडालेली,
मुठीचं लाकूड घामानं काळं.
सहा घरं, गोळ्या पाचच.
घोड्याखालचं घर रिकामं सोडायचं
हे त्याला कुणी शिकवलं नाही;
आजोबांचा लंगडा पाय पुरला.

तो अर्धा श्वास सोडतो.
झळांमध्ये टोमॅटोचा डबा हलतो,
की हात, कोण जाणे.
चार गोळ्या मातीनं खाल्ल्या.
पाचवीनंतरही डबा होता तिथंच,
शेजारचा सरडा तेवढा निघून गेला.

"लागली," ट्रकच्या सावलीतून लोरीन म्हणते,
थर्मासचं झाकण फिरवत,
तिकडे न बघता.

तो रिकामं रिव्हॉल्व्हर
परत टोपीखाली ठेवतो.