आतली कडी

माझ्या गिरणीत पट्ट्याच्या मागं
नऊ खिळे आहेत.
आठांवर किल्ल्या.
पीठ बसून नावं दिसत नाहीत,
म्हणून प्रत्येकीला चिंधी बांधलीय:
हिरवी हुसेनबीची,
इरकली काठाची इरव्वाची,
शट्टुप्पांची खाकी, पोस्टात होते ना.

हे कुणी ठरवून केलं नव्हतं.
मागल्या श्रावणात आठव्या दिवशी नळाला पाणी आलं
आणि मोनव्वाची घागर काही बाहेर आली नाही.
लेकीनं हुबळीला जाताना दिलेली किल्ली
माझ्या हातात होती.
किल्ली फिरली, दार नाही.
आतनं कडी.
सगळी वडगावची गल्ली त्या दाराशी,
मराठीत हाका, कन्नडात हाका,
आणि आत बादली भरून वाहिल्याचा आवाज तेवढा.
शेवटी भरमाण्णानं पहार घातली.

वाचली मोनव्वा. कमरेत सळई आहे.
चौकट मात्र अजून फुटकीच,
ती दुरुस्त करू देत नाही कुणाला.

मग बैठक झाली म्हणावं तर तीही नाही.
दळायला आलेले थांबले,
पीठ निवेस्तोवर बोलले.
भरमाण्णा, तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर,
दोन बोटं तिथंच ठेवून आलेला,
दुसऱ्या दिवशी भंगारातले पाइप घेऊन
एकेका न्हाणीत शिरला.
"हात वर कर, इरव्वा.
एवढा नको गे.
पडताना करशील तेवढा."
तेवढ्यावर खडूची खूण.

पाइप सोपे होते.
अवघड होतं ते कडीचं.
रात्री कडी घालायची नाही, नुसतं कुलूप,
एवढंच तर सांगत होतो.
इरव्वा म्हणाली, मालक गेल्यापासनं
ही कडीच माझा मालक.
शट्टुप्पा म्हणाले, आणि चोर आला तर?
हुसेनबी म्हणाली, येऊ दे की,
गुडघ्याला तेल लावून जा म्हणावं.
हसलो सगळे.
पण त्या रात्री कुणीच कडी काढली नाही,
मला माहीत आहे, मी फिरून दारं ढकलून बघितली.

एकेक करून निघाली.
इरव्वानं काढली ती पौर्णिमेला,
आणि पहाटे चारला मला उठवायला आली,
झोप लागली नाही हे सांगायला.

आता दूधवाला पोरगा पिशवी अडकवतो,
आठ वाजले तरी ती तिथंच असली
तर सायकल माझ्याकडं वळवतो.
दुपारी हे दार त्या दाराला विचारतं
ऊटा आतेनु?
ते दार म्हणतं, जेवले की, तू जेवलीस काय?
कधी कधी दोघीही खोटं बोलतात,
मग हुसेनबी डबा घेऊन जाते.
पेन्शनचा कागद कन्नडात येतो,
शट्टुप्पांना बोलता येतं, वाचता येत नाही,
तो इरव्वाची नात वाचते,
एका कागदाला एक चिक्की.
ती पुढच्या वर्षी धारवाडला जाणार आहे शिकायला.
मग कोण वाचणार, ते ठरलेलं नाही.

पोरगा पिंपरीहून फोन करतो.
गिरणी वीक म्हणतो, खोली तयार आहे,
लिफ्ट आहे, तिथं तुझं आहे कोण?
मी खिळ्यांकडं बघत बोटं मोजत होते
आणि लाइट गेली.

नववा खिळा मोकळा आहे.
लोकांना वाटतं, जादाचा असेल.
सगळ्यांना कडी काढायला लावणारी मी,
रात्री माझाच हात दाराकडं जातो,
पन्नास वर्षांची सवय, काय करणार.
परवापासनं अर्धीच सरकवते.
भरमाण्णा म्हणतो, अर्धी कडी म्हणजे सगळी कडी.

काल मात्र विसरले.
की विसरले असं म्हणतेय कुणास ठाऊक.
मागच्या गल्लीतले माग अकरापर्यंत चालू होते,
ते थांबले तेव्हा मला जाग होती,
नंतरचं आठवत नाही.
सकाळी दार लोटलेलंच होतं
आणि फटीतून दुधाची पिशवी दिसत होती.

आता चिंधी कुठल्या रंगाची बांधायची,
तेवढं राहिलंय.