शिरगणती

दोन एप्रिल एकोणीसशे अकरा, रविवार.
सरकारचा कागद आठवडाभर माझ्या टेबलावर होता,
उशीच्या अभ्र्याएवढा.
आज रात्री या छपराखाली जे कोणी झोपतील
त्यांचं नाव, वय, धंदा, आणि काही व्यंग असल्यास तेही.

प्राचार्यबाई म्हणाल्या, ‘सग्डन, माझं डोकं दुखतंय,
वसतिगृहाचा कागद तुम्हीच भरा.’
आणि सहालाच आपल्या बंगल्याचे पडदे ओढले.
बावीस वर्षं या फाटकावर आहे मी.
त्यांचं डोकं याआधी कधी दुखलं नव्हतं.

दहाला मिस पिम कंदील घेऊन निघाल्या.
पुंकेसर मोजण्यात आयुष्य घालवलेली बाई,
चार आणि पाच यांतल्या फरकावर
एकदा लंडनच्या माणसाशी भांडलेली.
मागे मुली, हॅट घालून, चर्चला निघाल्यासारख्या.
ओल्या गवतावरून थेट काचघरात,
नेच्यांच्या कुंड्यांमध्ये.
जाताना माझ्या खिडकीशी थांबल्या.
‘ज्यांना मत विचारत नाहीत, सग्डन,
त्यांची डोकी तरी कशाला हवीत त्यांना?’
खिजगणतीत नसलेल्यांनी
गणतीत तरी का असावं,
एवढं मलाही कळलं.
मत मलाही नव्हतं.
जिन्याखालची खोली कॉलेजची, खाट कॉलेजची,
माझ्या नावावर फक्त एक वस्तरा.

ग्रीकचे डॉक्टर हेअर
सभेत या विषयावर नेहमी झोपायचे.
त्या रात्री काचघराच्या खुंटीला
ते आपला लोकरी ओव्हरकोट विसरून गेले.
बाहेर गारा पडत होत्या.
मे महिन्यापर्यंत खोकत होते म्हातारे,
आणि कुणी विचारलं तर,
‘विसरलो. वय झालं.’

मग धुलाईघरातून केझिया आली, हातगाडी ढकलत.
घोंगड्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात
लाल दोऱ्याचा आकडा, तिच्याच हातचा.
एकेक वाटत गेली. शेवटची देताना
लॅटिनच्या तरुण बाईंना म्हणाली,
‘मिळालं म्हणजे मलाही मिळेल ना, मिस?’
सरळ विचारलं, साबणाचा भाव विचारावा तसं.
काचेवर गारा वाजत राहिल्या.
लॅटिनच्या बाई नेच्याचं एक पान
उलटंपालटं करून बघू लागल्या.
मिस पिम म्हणाल्या, ‘मिळायला हवं.’
केझियानं दोन्ही शब्द ऐकले.
‘हवं’ जरा जास्तच.
मग गाडी वळवून चहाची किटली आणायला गेली.

सोमवारी गणनेचा माणूस आला.
‘अख्ख्या वसतिगृहात एकच इसम?’
मी म्हटलं, मांजर धरून दोन.
त्यानं काचघराकडे पाहिलं.
आत कुणीतरी शिंकलं.
‘काच म्हणजे छप्पर का हो?’ त्यानं विचारलं.
मी म्हटलं, मी पहारेकरी, गवंडी नव्हे.
त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला,
त्याचीही बहीण कुठे असेल, कुणास ठाऊक.
कागद घडी करून गेला.

सात वर्षांनी कायदा आला.
मिस पिमना मिळालं. मला मिळालं,
काही न करता, पुरुष म्हणून.
तीस वर्षांवरची बाई हवी, तिच्याकडे आपली जागा हवी.
केझिया चोपन्न वर्षांची होती,
आणि तीही कॉलेजच्याच खाटेवर झोपत होती.
त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.
मीही तिच्याकडे गेलो नाही.
जायला हवं होतं.

सरकारी दप्तरात त्या रात्री
या छपराखाली मी एकटा आहे :
ॲबनर सग्डन, एकावन्न, अविवाहित, व्यंग नाही.
पण धुलाईघराची वही अजून आहे.
सोमवार, तीन एप्रिल, केझियाचं वळणदार अक्षर :
घोंगड्या एकतीस. ओल्या. माती लागलेल्या.
आणि खाली, कुणी सांगितलं नसताना,
ओव्हरकोट, पुरुषी, एक.