प्रकरण दुसरे

पहिलं लिहून झालं होतं, चौथ्याची आकडेमोड तयार होती.
दुसरंच अडलं. पूर्वसंशोधनाचा आढावा.
कोलारकर सर म्हणाले, आधी कोण काय बोलून गेलंय ते ऐका,
मग तोंड उघडा.

म्हणून मे महिन्यात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून,
स्कूटीची सीट ओल्या फडक्यानं पुसून
मी रोज विद्यापीठाच्या ग्रंथालयात.
कूलरमधला वाळा गेल्या सालचा,
वास भिजल्या पुठ्ठ्याचा.
प्रबंधांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं
बोटांना लागून घरी यायची.

विषय: नागपूरचे हातमाग.
बत्तीस प्रबंध, अकरा लेख, वाळवीनं आधीच वाचलेला एक अहवाल.
प्रत्येकाच्या शेवटी तेच:
या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही.
आणि प्रत्येकाच्या मध्यात कुठेतरी:
तांडापेठेतील माग गंजल्याने व्यवसायास उतरती कळा लागली.

मीही उतरवून घेतलं.
कंसात आडनाव, साल, पान.
कार्ड क्रमांक एकशे सात.
रात्री भांडी घासताना हात थांबला.
माग लाकडाचे.
लाकडाला गंज कुठून?

मग उलटी चालत गेले.
दोन हजार अकराचा म्हणतो, अठ्ठ्याण्णवचा पाहा.
अठ्ठ्याण्णवचा म्हणतो, नव्वदचा.
नव्वदच्या बाईंनी नुसतं ‘उपरोक्त’ लिहिलंय;
वर पाहिलं तर वर पंखा.
शेवटी तळघरात, एकोणीसशे चौऱ्याहत्तर,
टंकलिखित, कार्बनची तिसरी प्रत,
लेखक बाहेरगावचा, सांगलीकडचा असावा भाषेवरून.
मागच्या पुठ्ठ्यावरची तारखांची चिठ्ठी कोरी.
एवढ्यांनी उद्धृत केला,
घरी कुणीच नेला नाही.

पान एकसष्ट. मुलाखत.
श्रीमती भागरथाबाई निखारे, वय ६८, तांडापेठ:
‘आमच्या गल्लीत माग गंज होते.’
त्याखाली त्याचा निष्कर्ष, ठाम, दोन परिच्छेद:
दमट हवा, देखभालीचा अभाव, गंज.

मी मोठ्यानं हसले.
ग्रंथपाल शेंडेकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.

घर सापडलं पानठेल्यावर विचारत विचारत.
भागरथाबाईंची लेक, इंदूबाई, आता स्वतःच ऐंशीची.
वाक्य वाचून दाखवलं.
‘गंज म्हंजे गंज, बाई! ढेर. मोजता येत नोहते इतके.
सकाळी एकदा का खटखट सुरू झाली,
लेकरू रडे तरी आयकू नाही ये.’
मग आतल्या नातसुनेला:
‘त्या गंजातलं पाणी दे बाईले, उन्हातून आली.’
स्टीलचा गंज, बुडाला पोचा आलेला.
हा तिसरा अर्थ
मी उभ्या उभ्या प्यायले.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, पुरावा?
म्हटलं, एक म्हातारी हसली.
सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले.
तळटीपेत टाका, म्हणाले. तीन ओळींत.
आणि परीक्षक पुण्याचे असतील, जपून.

तळटीप लिहिली. पाच ओळी झाल्या.
पण आता चौथ्या प्रकरणाकडे बघवत नाही.
चाळीस मुलाखती माझ्याही आहेत,
मोबाइलवर घेतलेल्या, मीच उतरवलेल्या,
रात्री, घाईत, कूलरच्या आवाजात.
सतराव्या मुलाखतीत एक म्हातारा म्हणतो,
‘बसला धंदा आता.’
मी लिहिलंय: व्यवसाय बंद पडला.

आज ते पुन्हा लावलं, कूलर बंद करून.
तो बसला म्हणतो,
आणि त्याच्या मागे, भिंतीपलीकडे कुठेतरी,
खटखट चालू आहे.