शेजारणीच्या पोरासाठी

बसा की. पंखा तेवढा त्या बाजूलाच फिरतो.
साखर पेठेतून चालत आलात, या उन्हात,
आणि म्हणता, सहजच आले.
सहज कोण येतं ओ वाचनालयात,
एप्रिलमध्ये, दुपारी दोनला?

पुस्तक हवंय. शेजारणीच्या पोरासाठी.
म्हणजे, तसलं.
तुम्ही पेपरवेट फिरवत शब्द शोधताय.
मी मुद्दामच मदत करत नाही,
हा शब्द ज्याचा त्यानं उचलावा.

यादी नाही माझ्याकडे.
रजिस्टरला त्या पुस्तकांचा विभागच नव्हता.
चौदा वर्षांपूर्वी मी ती 'वस्त्रोद्योग' खाली चढवली,
तपासणीचे साहेब त्या पानाशी आले की
जांभई देतात म्हणून.
कव्हरं जुन्या कॅलेंडरांची,
देवांची बाजू आत, तारखांची बाहेर.
चौथ्या कपाटात बघाल तर
नुसते गुरुवार-शुक्रवार उभे आहेत.

एक आहे, त्यात दोन मुली एकमेकींना पत्रं लिहितात
आणि एकही पोस्टात टाकत नाहीत.
ते कॉलेजच्या पोरी नेतात.
परत येतं तेव्हा कधी चहाचा डाग, कधी मेंदीचा.
मेंदीचा असला की
माझे दोन दिवस बरे जात नाहीत.

एक जाडजूड.
मल्लिनाथ जॉबर यायचे, मिल बंद पडल्यावर.
उभ्यानंच वाचायचे. घरी कधी नेलं नाही.
रोज चार पानं, मग खूण म्हणून सुताचा तुकडा.
'माझ्या शेजारच्या साच्यावर एकजण होता,'
एकदाच बोलले, दाराकडे बघत,
'एकोणीस वर्षं. खडखडाट एवढा, की
काही बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.'
सूत अजून तिथंच आहे, दोनशे बारा पानावर.
संपायला तीसच पानं होती.

सोळा-सतराच्या पोरांना मला द्यावं लागत नाही.
पायरीवर बसून असतात, मी कपाट उघडेपर्यंत.
एकजण तर पेन्सिलीनं एक ओळ अधोरेखित करून गेला,
आणि आठवड्यानं येऊन स्वतःच खोडून गेला.
कोण, ते विचारू नका.
सांगायचा नाही.

बरं, वय किती त्या पोराचं? सोळा?
आणि शेजारीण?
जेवते का नीट?

तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघता.
ते गेल्या दिवाळीपासून बंद आहे.

मग हे घ्या.
होय, चित्रांचंच. पाच-सहा वर्षांच्या लेकरांसाठी.
एका मुलीला दोन आया आहेत. पतंग झाडावर अडकतो.
एक आई शिडी धरते, एक चढते.
पतंग निघतो. संपलं.
माझ्या छोट्या वाचकांनी आजवर एकच शंका काढली:
शिडी कुणाकडून आणली?

सोळा वर्षांच्याला कसं चालेल, म्हणता.
त्याच्यासाठी नाही ओ.
शेजारणीला बालवाडीपासून सुरुवात करावी लागेल ना.

तुम्ही हसता. रडायच्या अलीकडेच असतं तसलं हसू.
कव्हर उलगडता, आत अर्धा गणपती बघता,
'उलटं लावलंय हे तुम्ही.'
उलटं?
चादरी विणणाऱ्यांच्या घरातल्या तुम्ही.
आपली चादर पालथी घातली तर काय होतं?
'तेच मोर,' तुम्ही पुटपुटता, 'तीच वेल.
रंगांनी तेवढ्या जागा बदललेल्या.'
पुढचं मी काही बोलत नाही.
मला विणकामातलं फारसं कळत नाही.

नाव सांगा. बालामणी चिलवेरी.
वस्त्रोद्योग, एक प्रत, पंधरा दिवस.
उशीर झाला तर रोजचा एक रुपया,
जो या कपाटासाठी मी अजून कुणाकडून घेतलेला नाही.

पिशवीत ठेवता, कडक भाकरीच्या पुड्याखाली,
शेंगा चटणीच्याही खाली,
वरून पदर सारखा करावा तशी पिशवी सारखी करता.
मग पायरीवर, चपला घालता घालता,
एका हातानं ते वर काढता
आणि काखेत धरता, उन्हात.
कव्हरवर कुठल्यातरी जुन्या वर्षाचा श्रावण.