उधन्यात कळू नये

वैशाखात कोणी समुद्राला जातं का,
असं विमलवहिनी म्हणाल्या असत्या.
म्हणून त्यांना सांगितलं, गाडीचं काम निघालंय,
धुळ्याला दोन दिवस लागतील.

गाडी म्हणजे ती अल्टो,
दोंडाईच्याच्या मिरचीवाल्याकडून घेतलेली.
अजूनही उन्हात तापली की सीटमधून खकाणा उठतो
आणि तुम्हाला लागोपाठ सात शिंका.
एसीचा गॅस भरून आणलात,
तर आता शिंका गार हवेत येतात, एवढाच फरक.

रात्री गच्चीवर दोनदा पाणी मारूनही फरशी पाय ठेवू देत नाही.
तुम्ही बॅटरी दातांत धरून
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर रस्ता काढताय,
जळालेल्या मोटारीची वाइंडिंग काढता तसा,
कुठली तार कुठून निघून कुठे जाते.
शिरपूर. दोंडाईचा. नंदुरबार. नवापूर.
नवापुराशी पेन थांबतं.
त्याच्या पलीकडे आपण लग्नालाच गेलोय,
आणि एकदा मयतीला,
ट्रॅक्सच्या मागच्या बाकावर,
मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन.

खरी अडचण सुरतेची.
उधन्याला माझी मावसबहीण, लिंबायतला तुमचे तीन आतेभाऊ,
पांडेसऱ्यात तर अर्धं गावच.
एकाला दिसलो तरी संपलं,
शेवभाजी होईल, गाद्या पडतील,
सकाळी समुद्रावर अकरा माणसं आणि एक टेम्पो.
तुम्ही म्हणता, मी मफलर बांधतो.
पंचेचाळीस डिग्रीत मफलर बांधलेला माणूस
कोणीही वळून बघेल, मी म्हणते.

चालवणार मी.
करवंद नाक्यावर पोरासोरांच्या रांगेत बसून शिकले,
ते दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी, असं सगळ्यांना वाटलं.
तुम्ही शेजारी बसायचं,
केळ्याचे वेफर पुढे करायचे
आणि ब्रेक मारू नका. तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये.

तापी वाटेत कुठे कुठे भेटेल, त्यावर तुम्ही फुल्या मारल्यात.
सावळद्याच्या पुलावरून इतकी वर्षं ये-जा केली,
ती पुढे जाते कुठे, असं कधी आलं नाही मनात.
अण्णांच्या अस्थी तिच्यातच सोडल्या होत्या आपण.
तुम्ही बॅटरी तोंडातून काढून म्हणालात,
उकाईच्या धरणात अडकले नसतील
तर पोचले असतील एव्हाना.
आणि हसलात. आणि मग बराच वेळ बॅटरी विझवून ठेवलीत.

त्या अंधारात मला सांगायला बरं पडलं.
नववीच्या सहलीला दमणला गेले होते, ते खरं.
पण मला ताप होता. बाईंनी बसमध्येच निजवलं,
अंगावर ड्रायव्हरचा टॉवेल.
समुद्र मी पाहिलेलाच नाही.
लाटांचा रंग, उलट्या चालीचे खेकडे,
ओली वाळू पायाखालून सरकते ते,
चोवीस वर्षं तुम्हाला सांगत आले,
ते सगळं परत आलेल्या मुलींकडून ऐकलेलं.
माझं स्वतःचं एवढंच, की आवाज आला होता.
जिनात ढिगावर सरकी पडत राहते तसा,
न थांबता.
मला वाटलं होतं, इथेही जिन आहे.

खाली रस्त्यावरून कोणाची तरी मोटारसायकल गेली.
तुम्ही उठून माठातलं पाणी प्यालात,
मला आणलंत.
मग म्हणालात, तुमच्या आईच्या बोलीत,
जी तुम्ही दुकानात कधीच बोलत नाही,
“मंग ते बरंच शे. दोन्ही नवाच.”

बॅटरी पुन्हा लागली.
डुमसच्या पुढे तुम्ही काही काढलं नाहीत,
फक्त बाजूला लिहिलंत,
वाळूच्या आधी खिडक्या उघडणे,
सरकी ऐकू येते का पाहणे.

मी पेन घेतलं आणि त्याच्या वर लिहिलं,
उधन्यात मात्र काचा वर.