वीस पानं

वीस पानं. एकविसावं चालणार नाही.
फाईल वीस एमबीच्या आत,
आणि तळाशी सही: यातलं सगळं काम माझं स्वतःचं आहे.

तुर्कूत डिसेंबरात उजेड साडेतीनलाच दुकान बंद करतो,
म्हणून रविवारी बाराला
स्वयंपाकघराच्या टेबलावर इस्त्री केलेली चादर टाकली,
एतूच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेली चंदेरी फॉइल दिली.
"हलू नकोस. उजेड वाडग्यावर पाड."
नऊ वर्षांचा माणूस किती वेळ न हलणार?
त्याने त्या उजेडाने आधी छत तपासलं, मग मांजर, मग माझं नाक,
आणि म्हणाला, "आई, हा अगदी दुकानातल्यासारखा झालाय."

त्याला कौतुक करायचं होतं.

संध्याकाळच्या वर्गातले वाडगे: नऊ.
एक किटली, जिची तोटी ओशाळून खाली बघते.
राखाडी झिलईचे तुकडे, पाठीवर पेन्सिलीने तारखा.
एवढ्यावर हेलसिंकीतली माणसं मला
चाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी करून घेणार म्हणे.

माझं चांगलं काम लोकांच्या तोंडी आहे.
फुशारकी नाही, पत्ता सांगतेय.
सोळा वर्षं मी दातांच्या प्रयोगशाळेत बसते,
चिनी मातीची ओली पूड
बारक्या कुंचल्याने थरावर थर चढवते,
नऊशे अंशांवर भाजते,
आणि सगळं निर्दोष झालं की
थोडं बिघडवते:
कडेला कॉफीचा डाग, मधोमध केसाएवढी चीर,
कारण फार पांढरा दात लगेच चुगली करतो.
मग तो डबीत बसून जातो. डबीवर आडनाव.
तोंड मला कधीच दिसत नाही.

एकदा सोडून.
आउरा नदी फुकटात ओलांडून देणारी ती बुटकी फोरी,
तिच्यावरचा ताइस्तो कुणाच्यातरी ओल्या कुत्र्याला हसला
आणि त्याच्या वरच्या दातात मला माझी चीर दिसली.
ती ओढताना मी श्वास धरला होता,
हात विसरत नाही.

मी म्हटलं, तुमच्या हसण्याचा एक फोटो काढू? अर्जासाठी हवाय.
ओठ मिटले. पलीकडचा काठ येईपर्यंत मिटलेलेच.
मी उतरताना मात्र म्हणाला,
"सगळे माझेच आहेत हं. एकही खोटा नाही."

याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कुणी देणार नाही,
आणि ते जोडायला अर्जात रकाना नाही.

हत्तीचं बरं असतं.
दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे,
पण दोन्ही त्याच्याच तोंडात.

सोमवारी रौनीला विचारून खालचा खण उपसला.
परत आलेले दात. रंग चुकलेले, अर्ध्या मिलिमीटरने उंच,
भट्टीत तडकलेले,
एक तर माणूसच वारला म्हणून न बसवलेला.
एकशे बारा.
जमले ते परक्या घरी नांदायला गेले,
चुकले तेवढे माझ्यापाशी राहिले.

रात्री वाडगे उचलले. चादर तीच.
एतू रांग लावायला बसला, वाकडी, मध्येच फुटलेली,
एका ठिकाणी नुसती फट.
मी म्हटलं, सरळ लाव.
मग म्हटलं, राहू दे.

पहिल्या पानापासून अकराव्यापर्यंत दात.
किटली ठेवली; का, ते सांगता येणार नाही.
वाडग्यांपैकी एकच, तळ दिसेल असा उपडा.
हसतील. हसू देत, त्यांचेच दात दिसतील,
आणि मी बघेन कुठल्या छटेचे.

"आई, हा कुणाचा?"
तो न बसलेला होता, एतूच्या चिमटीत, दिव्यासमोर.
कडेतून निळसर उजेड आरपार येत होता,
जसा यायला हवा तसाच.
"माझा," म्हणायला मला बराच वेळ लागला,
आणि फाईल तेव्हाही तेवीस एमबीच होती.