आजच खा

साडेसातला मोइरा येते, हातात स्टिकरची बंदूक,
आणि डंडीच्या त्या दुकानात आम्ही पाचसहा जण
एकदम वाचनवेडे होतो.
कुणी सुपाच्या डब्यावरचं मीठ वाचतं,
कुणी दह्याचं गाव.
मी महिनाभर ऑलिव्हची एकच बरणी वाचते आहे;
पाठ झाली आहे.

पुढे घुसायचं नाही.
तिने चिकटवावं, दोन पावलं मागे सरावं,
मग आत्ताच लक्ष गेल्यासारखा हात घालायचा.
पंगतीत जिलबीचं ताट जवळ येताना
नको नको म्हणायची आमच्या घरची तालीम
इथे कामाला येते.

काल कोथिंबीर मिळाली. सात पुड्या, आठ पेन्सला एक.
प्रत्येकीवर पिवळं: आजच खा.
आज संपायला चार तास होते
आणि टे नदीवरचा वारा
पिशवी माझ्याहून जोरात ओढत होता.

आमचा फ्रीज सहा जणांचा, तिसरा कप्पा माझा.
फर्गसच्या कप्प्यात लोणी, उघडे बीन्स
आणि सप्टेंबरपासूनचं एक लिंबू.
इफेओमाच्या आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं
हे मला पहिल्याच दिवशी न सांगता कळलं;
उदगीरला श्रीखंडाच्या डब्यात मेतकूट असतं.
फर्गस दोनदा फसला.

तसं माझं जेवण म्हणजे
दुपारी चारला, अंधार पडल्यावर, न्याहारी:
पाव, त्यावर शेंगाचटणी, सिंकपाशी उभ्याने,
म्हणजे ताटली विसळायला नको.
रात्री एकला भात.
आई विचारते, जेवलीस का?
पदार्थ मी खरे सांगते.
वेळा तिच्या.

काल बेसन होतं, तीळ होते.
तळणं शक्य नव्हतं. मागे एकदा मोहरी तडतडली
तर अलार्म वाजून एकशेचाळीस जण
पायजम्यांत गारा झेलत उभे होते,
अजून जिन्यात मला बघून दोघं कोट शोधायचं नाटक करतात.
म्हणून नुसती वाफ.
पातेल्यावर चाळणी, चाळणीवर फर्गसचा पिझ्झाचा ट्रे.
पीठ किती, तर आईचं प्रमाण: बसेल तेवढं.
बरंच बसलं.

बाराला वीस कमी असताना
आम्ही तिघं ओट्याला टेकून खात होतो.
कापताना फुटलेले कोपरे आधी.
इफेओमाने दुसरी घेतली, तिसरी घेतली,
मग तिच्या डब्यातला लाल भात
माझ्या पुढ्यात सरकवला, काही न बोलता.
तिखट होता. बरं वाटलं.
फर्गसने वडीला केचप लावलं.
मी खिडकीबाहेर पाहिलं.

बारा वाजले. चार वड्या उरल्या,
स्टिकर नसलेल्या.
इफेओमाचा एक रिकामा डबा मागून घेतला,
व्हॅनिलाचा,
आणि तिसऱ्या कप्प्यात, मागे, दुधाच्या आड ठेवला.

सकाळी डबा धुऊन पालथा घातलेला.
कुणी, ते विचारलं नाही.
ओट्यावर केचपची बाटली होती,
झाकण उघडं.